पूरकाठच्या रुग्णालयात मुलांसाठी आपत्ती-तयारी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२४

९ जानेवारी २०२४

आज कामाला औपचारिक सुरुवात केली. तारीख मुद्दाम निवडली. तीन वर्षांपूर्वी याच दिवशी, ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर, भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील आजारी नवजात शिशूंच्या कक्षाला आग लागली आणि तेथे दाखल असलेल्या सतरा बाळांपैकी दहा बाळे दगावली. त्या घटनेनंतर राज्यभर अग्निसुरक्षेच्या तपासण्या झाल्या, आमच्याकडेही झाली, आणि तिचा अहवाल कार्यालयातील कपाटात व्यवस्थित लावलेला आहे.

आमचे रुग्णालय सांगली जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या एका तालुक्यात आहे. शंभर खाटा, पहिल्या मजल्यावर चौदा खाटांचा बालरुग्ण कक्ष, त्याला लागून चार वॉर्मरांचा (बाळाला ऊब देणाऱ्या उपकरणांचा) नवजात शिशू स्थिरीकरण कक्ष, आणि तळमजल्यावर जिन्यापासून सर्वांत दूरच्या टोकाला प्रसूतीपश्चात कक्ष. ही रचना कोणी विचारपूर्वक केली असेल असे वाटत नाही. इमारतीत जसजशी जागा मोकळी होत गेली तसतसे कक्ष बसत गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीतील इर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली (तेथे इशारा पातळी ४० फूट व धोक्याची पातळी ४५ फूट आहे), तेव्हा आमच्या आवारातही पाणी आले आणि रुग्ण हलवावे लागले. त्या रात्री बाळे एका रुग्णवाहिकेतून गेली व त्यांच्या माता दुसऱ्या वाहनातून, दुसऱ्या वाटेने, काही तासांनी पोहोचल्या. कोणते बाळ कोणाचे हे ठरवताना पलीकडच्या रुग्णालयातील सिस्टरांना जी कसरत करावी लागली, तिची जबाबदारी आमचीच होती, कारण बाळे पाठवताना मी तेथे उभा होतो आणि केसपेपर मात्र वरच राहिले होते.

रुग्णालयाचा सध्याचा आपत्ती आराखडा अकरा पानांचा आहे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ मध्ये रुग्णालय सुरक्षेच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यानंतर कधीतरी तो तयार झालेला दिसतो. संपूर्ण आराखड्यात ‘बालक’ हा शब्द एकदाच आढळला, तोही लसीकरणाच्या वाक्यात.

२३ जानेवारी

साधनांची मोजणी केली. बालरुग्ण कक्षाची आपत्कालीन ट्रॉली समाधानकारक आहे. नवजातांसाठी २५० मिलिलिटरची व मोठ्या मुलांसाठी ५०० मिलिलिटरची अँबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी), तीन मापांचे मास्क, श्वासनळीत नळी घालताना घसा पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपची ० व १ क्रमांकाची पाती हे सर्व आहे. दिवा लावून पाहिला तेव्हा एका पात्याचा बल्ब लागला नाही. त्याची नोंद करून लगेच इंडेंट (मागणीपत्र) दिला.

अडचण तळमजल्यावर आहे. अपघात विभागात सर्व साधने प्रौढांची आहेत. रक्तदाबाचा पट्टा एकच, मोठा. ऑक्सिमीटरचा चिमटा मोठ्या बोटाचा. सर्वांत लहान मास्क चार वर्षांच्या मुलाच्या हनुवटीखाली उतरतो. विचारल्यावर उत्तर मिळाले की लहान मूल आले तर वर पाठवतो. एरवी हे चालते. परंतु पुरात किंवा बस उलटल्यावर मुले एकेकटी येत नाहीत आणि त्यांना वर नेणारा मोकळा माणूस तेव्हा नसतो. अपघात विभागासाठी मुलांच्या साधनांची एक स्वतंत्र पेटी करायचे ठरले. पेटीला कुलूप नको, प्लास्टिकचे सील असावे, म्हणजे उघडली की कळेल आणि उघडायला किल्ली शोधावी लागणार नाही. आज औषधांच्या कपाटाची किल्ली रात्रपाळी संपवून घरी गेलेल्या सिस्टरांच्या पर्समध्ये होती, हे लिहून ठेवतो.

१२ फेब्रुवारी

वजन व मात्रा. मुलांच्या औषधाचा जवळजवळ प्रत्येक निर्णय वजनावर अवलंबून असतो, आणि आपत्तीत वजनकाट्यापर्यंत जायला वेळ नसतो. एक ते दहा वर्षांच्या मुलांसाठी वयात चार मिळवून दोनाने गुणण्याचे जुने सूत्र आम्ही सगळे शिकलो आहोत. त्यानुसार सहा वर्षांचे मूल वीस किलोचे धरले जाते. बाह्यरुग्ण विभागातील केसपेपरांवरच्या वजनांशी ताडून पाहिले असता आमच्या ऊसतोड वस्त्यांवरील मुले त्याहून हलकी असल्याचे वारंवार दिसले. त्यामुळे सूत्र शेवटचा उपाय म्हणून ठेवायचे, आणि दाराशी साध्या स्प्रिंगच्या काट्याला झोळी अडकवून ठेवायची. आशाताईंना तो काटा परिचयाचा आहे, शिकवावा लागत नाही.

भिंतीवरचा तक्ता तयार करताना सर्वाधिक वेळ अ‍ॅड्रेनॅलिनवर गेला. आपल्याकडील अँप्यूल एक मिलिलिटरची व एक मिलिग्रॅमची येते. हृदय थांबलेल्या मुलासाठी ती सलाइनने दहा मिलिलिटर करायची आणि त्यातून दर किलोला ०.१ मिलिलिटर शिरेतून द्यायचे, म्हणजे दहा किलोच्या मुलाला एक मिलिलिटर. हे वाचायला सोपे आहे. मात्र अपघात विभागातील दोन सिस्टर व एका वैद्यकीय अधिकाऱ्यांना प्रत्यक्ष सिरिंज भरायला दिली तेव्हा तिघांपैकी एकाने पातळ न करताच अँप्यूल ओढले, म्हणजे मात्रा दहापट झाली. नाव लिहीत नाही, कारण मीही शिकाऊ असताना हीच चूक करता करता वाचलो आहे. तक्त्यावर आता आकड्यांऐवजी आधी कृती लिहिली आहे: ‘दहाची सिरिंज घ्या. एक औषध, नऊ सलाइन.’ नवजातांच्या साखरेसाठीही तसेच केले. भांडारात पंचवीस टक्क्यांचे डेक्स्ट्रोजच (साखरेचे द्रावण) नियमित येते, म्हणून ‘चार डेक्स्ट्रोज, सहा निर्जंतुक पाणी, झाले दहा टक्के; किलोला दोन मिलिलिटर’ एवढेच ठळक अक्षरांत आहे.

४ मार्च

वर्गवारीचे प्रशिक्षण झाले. मोठ्या संख्येने जखमी आल्यावर लाल (तातडीचा), पिवळा (थोडे थांबू शकणारा), हिरवा (किरकोळ), काळा (मृत किंवा वाचण्याची आशा नसलेला) अशा पट्ट्या बांधण्याची पद्धत कर्मचाऱ्यांना ठाऊक आहे, परंतु ती प्रौढांवर बेतलेली आहे. अमेरिकेतील बालरोग आपत्कालीन तज्ज्ञ लू रोमिग यांनी १९९५ मध्ये मुलांसाठी तिचे वेगळे रूप तयार केले, तेच आम्ही वापरणार आहोत. त्यातील दोन फरक महत्त्वाचे आहेत. प्रौढाचा श्वास मार्ग मोकळा करूनही सुरू झाला नाही तर काळी पट्टी बांधली जाते. मुलाची मात्र नाडी लागत असेल तर आधी पाच श्वास देऊन पाहायचे, कारण मुलांमध्ये बहुधा श्वास आधी थांबतो आणि हृदय नंतर. दुसरे, प्रौढाचा श्वासदर मिनिटाला तीसच्या वर गेला की लाल पट्टी असते; मुलांसाठी पंधराच्या खाली किंवा पंचेचाळीसच्या वर ही मर्यादा आहे. प्रौढांचा आकडा लावला तर रडून धाप लागलेली निम्मी मुले लाल ठरतील आणि खऱ्या लाल मुलाला जागा उरणार नाही.

अपघात विभागातील मामांनी (वॉर्डबॉयनी) विचारलेला प्रश्न पुस्तकात ठळकपणे येत नाही. ‘जे चालू शकतात त्यांनी इकडे या’ अशी हाक दिली की आई चालत येते आणि तिच्या कडेवरचे मूलही हिरव्या रांगेत जाते; ते मूल स्वतः कुठे चालले? बरोबर आहे. म्हणून कडेवर आलेले प्रत्येक मूल हिरव्या जागेत सर्वांत आधी तपासायचे, असा नियम आम्ही जोडला. प्रश्न मामांचा होता हे आराखड्यात नमूद करणार आहे.

पाच श्वासांवर एका सहकाऱ्यांचा आक्षेप होता की पन्नास जखमी असताना एवढा वेळ कोण देणार. पाच श्वासांना पंधरा सेकंद लागतात असे घड्याळ लावून दाखवले. त्यांचे समाधान पूर्ण झाले असे नाही.

२७ मार्च

वीज व ऑक्सिजन. जनरेटर आवाराच्या सर्वांत सखल कोपऱ्यात आहे, हे २०१९ पासून सर्वांना माहीत आहे. चौथरा उंच करण्याचा प्रस्ताव बांधकाम विभागाकडे पुन्हा पाठवला. तो मंजूर होईपर्यंत आपल्या हातात काय आहे तेवढेच पाहू.

ऑक्सिजनचा हिशेब बाळांच्या बाबतीत दिलासा देणारा निघाला. बी प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे दीड हजार लिटर वायू असतो. मिनिटाला एक लिटर लागणाऱ्या बाळाला तो चोवीस तासांपर्यंत पुरतो. प्रौढाला दहा लिटरने तोच सिलिंडर अडीच तासांत संपतो. मात्र त्यासाठी कमी प्रवाह मोजणारे फ्लोमीटर हवे. आमच्याकडील फ्लोमीटरवर एक लिटरच्या खालची खूणच नाही. चार नवे मागवले.

वॉर्मर बंद पडले तर काय, याचे उत्तर विजेत नाही. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ मध्ये डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी इन्क्युबेटरच्या टंचाईपोटी कमी वजनाची बाळे आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्यास सुरुवात केली. त्यालाच आपण कांगारू मातृसेवा म्हणतो आणि रोज करतोही. म्हणजे वीज गेली की आई हाच वॉर्मर आहे. आणि आमची आई तळमजल्यावर, दूरच्या टोकाला आहे.

१८ एप्रिल

पहिली रंगीत तालीम, विषय आग. मावश्यांनी जुन्या साड्यांच्या चिंध्यांत तांदूळ भरून चार बाळे शिवली होती. वजने दीड ते अडीच किलो, पायाला खऱ्यासारखीच कागदी पट्टी. गल्लीतल्या शिंप्याकडून मांजरपाटाची दोन जाकिटे शिवून घेतली होती, पुढे दोन खोल खिसे, मानेला आधार देणारी गादी. चार खिशांचे जाकीटही करता आले असते; परंतु जिना उतरताना एक हात कठड्याला लागतोच, आणि चार बाळांसह पाय घसरला तर काय होईल याचा विचार करून दोनावर थांबलो.

बाळे बाहेर यायला अकरा मिनिटे लागली. पहिली पाच मिनिटे दोन गोष्टींत गेली: सलाइनचा पंप सोडवणे आणि कोणी हुकूम द्यायचा हे ठरवणे. खाली आल्यावर आणखी वाईट प्रकार झाला. घामाने व ओढाताणीने कागदी पट्ट्या निसटल्या होत्या आणि चारपैकी दोन बाळे अदलाबदल झाली. माता बागेच्या दुसऱ्या बाजूला उभ्या होत्या, कारण आराखड्यात त्यांच्या कक्षाचे जमण्याचे ठिकाण वेगळे आहे. तालमीनंतर वॉर्डातील ज्येष्ठ मावशी म्हणाल्या, “सर, खरं बाळ असतं तर मी चेहऱ्यावरून सांगितलं असतं कुणाचं ते. तुम्ही तांदळाची दिलीत, त्यांना चेहराच नाही.” सगळे हसले. पण मावशींची पाळी नसेल त्या दिवशी प्रत्येक बाळ तांदळाचेच असणार.

आजच्या तालमीने प्रकल्पाची दिशा बदलली. आतापर्यंत आम्ही खाटा मोजत होतो: वर चार वॉर्मर, खाली इतक्या माता. मोजायला हवी ती जोडी. आई व बाळ यांचा क्रमांक एक, पट्टी एक, वाहन एक, जमण्याची जागा एक. यापुढील प्रत्येक तक्ता या हिशेबाने पुन्हा करायचा.

१० मे

७ मे रोजी लोकसभेचे मतदान होते. निम्मे कर्मचारी निवडणूक कामावर, उरलेले दुप्पट पाळीवर. काम पुढे सरकले नाही. पाणी न लागणाऱ्या प्लास्टिकच्या मनगटपट्ट्या मात्र आल्या. एकाच क्रमांकाच्या दोन, एक आईला, एक बाळाच्या घोट्याला.

२७ मे

परवा, २५ मे रोजी रात्री, दिल्लीत विवेक विहार येथील नवजात बालकांच्या खासगी रुग्णालयात आग लागून बाळे दगावली. आज सकाळच्या फेरीत याशिवाय दुसरे कोणी काही बोलत नव्हते. दुपारी काम बाजूला ठेवून आमच्या कक्षाची वायरिंग पाहिली. एका भिंतीवरील जोडणीतून एक्स्टेंशन बोर्ड, त्यावर वॉर्मर, फोटोथेरपीचे (काविळीवरील उपचाराचे) दिवे आणि कोणाचा तरी मोबाइल चार्जर. वॉर्मर दिवसरात्र चालतो. त्याचा भार एक्स्टेंशनवर टाकणे म्हणजे वायर हळूहळू भाजत ठेवणे होय. शिवाय जेथे ऑक्सिजन सतत सुटत असतो तेथे कापूस व कापड नेहमीपेक्षा लवकर पेटते. वीजतंत्रींना बोलावून प्रत्येक वॉर्मरला स्वतंत्र जोडणी व स्वतंत्र एमसीबी (भार वाढताच वीज आपोआप तोडणारा खटका) देण्याचा अंदाज घेतला. खर्च रुग्ण कल्याण समितीच्या निधीत बसतो. एक्स्टेंशन बोर्ड मी स्वतः काढून कार्यालयात जमा केला. हा बोर्ड मी गेले वर्षभर रोज पाहत होतो.

भरलेले राखीव सिलिंडर कक्षाच्या दाराआड उभे होते, म्हणजे नेमके बाहेर पडण्याच्या वाटेवर. ते साखळीने बांधून व्हरांड्याच्या टोकाला हलवले.

६ जून

आज या प्रकल्पातील सर्वांत अवघड बैठक झाली. मी प्रस्ताव मांडला की प्रसूतीपश्चात कक्ष पहिल्या मजल्यावर नवजात कक्षाशेजारी आणावा आणि तेथील पुरुष शस्त्रक्रिया कक्ष खाली न्यावा. कोणतेही साधन विकत न घेता जोडी एकत्र ठेवण्याचा हाच मार्ग आहे. पुरात माता आधीच वर असतील, आगीत दोघेही एकाच जिन्याने उतरतील, आणि एरवीही सिझेरियन झालेली आई दूध पाजायला जिना चढत येणार नाही.

शस्त्रक्रिया कक्षाच्या इनचार्ज सिस्टरांची हरकत रास्त होती: त्यांचे रुग्ण शस्त्रक्रियागृहापासून दूर जातील आणि पाणी आले तर त्यांना वर कोण चढवणार? यावर चांगले उत्तर नाही. धोका नाहीसा होत नाही, एका कक्षाकडून दुसऱ्याकडे जातो. परंतु प्लास्टर घातलेल्या प्रौढाला खुर्चीत बसवून दोघे मामा वर नेऊ शकतात व तो स्वतःचे नाव सांगू शकतो. अधीक्षक साहेबांनी दोन्ही बाजू ऐकून अदलाबदल मान्य केली, मात्र पूर येण्याची चिन्हे दिसताच शस्त्रक्रिया कक्ष सर्वांत आधी रिकामा करायचा ही अट घातली. अट योग्य आहे.

१२ जून

एकट्या येणाऱ्या मुलांसाठी नोंदवही केली. आपत्तीत मूल कोणाच्याही हातून येते: शेजारी, बोटीवरचा जवान, वाटेत भेटलेला माणूस. नोंदवहीत मुलाचे छायाचित्र, अंगावरील कपडे, जन्मखुणा, कोणी व कोठून आणले, आणि आणणाऱ्याचा फोन असे रकाने आहेत. नेणाऱ्यासाठी वेगळे पान आहे. मूल ओळखीचे हसले म्हणून कोणाच्या स्वाधीन करायचे नाही. पालकाने मुलाची एखादी खूण न पाहता सांगितली पाहिजे आणि ओळखपत्राची प्रत राहिली पाहिजे. पालक मिळाले नाहीत तर १०९८ या बालमदत क्रमांकावर कळवायचे व बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे चोवीस तासांच्या आत मूल बालकल्याण समितीपुढे गेले पाहिजे. उपचारामुळे मूल हलवता येत नसेल तर समितीला लेखी कळवायचे. हे कलम आमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते, मला धरून.

याच दिवशी दूध पावडरीचाही विषय संपवला. २०१९ मध्ये मदतीच्या ट्रकांतून पावडरीचे डबे आले होते आणि आम्ही ते कौतुकाने वाटले. गढूळ पाणी, न उकळलेली बाटली आणि पावडर यांतून जुलाब येतात, आणि चार दिवस बाटली लागलेल्या बाळाच्या आईचे दूध कमी होते ते वेगळेच. शिशुदुग्ध पर्यायांविषयीचा १९९२ चा कायदाही असे वाटप रोखतो. यापुढे असे डबे भांडारात जमा होतील आणि आई नसलेल्या किंवा पाजू न शकणाऱ्या आईच्या बाळालाच, बालरोगतज्ज्ञांच्या सहीने, वाटी-चमच्याने दिले जातील.

४ जुलै

दुसरी तालीम, पूर व वीज खंडित. कक्षांची अदलाबदल गेल्या आठवड्यात पूर्ण झाली होती. हुकूम पाळीवरील सिस्टरांनीच द्यायचा, कोणाची वाट पाहायची नाही, हे आधी ठरले होते. चारही जोड्या सहा मिनिटांत जिन्याशी आल्या. तीन माता बाळ छातीशी बांधून चालत, चौथी खुर्चीत. पट्ट्या जुळल्या. प्रत्येक जोडीची पिशवी सोबत होती: टोपरे, पायमोजे, दोन दुपटी, वाटी-चमचा, केसपेपरची छायाप्रत, आईच्या औषधांची चिठ्ठी.

एक गोष्ट चुकली. पिशव्या वॉर्मरला अडकवल्या होत्या व दोन मावश्यांनी त्या धुवायला नेल्या होत्या, त्या ऐनवेळी छतावरील दोरीवरून आणाव्या लागल्या. आता पिशव्यांचा दुसरा संच राहील.

२५ जुलै

पाणलोटात चार दिवस मुसळधार पाऊस आहे, कोयनेतून विसर्ग सुरू आहे, पंचगंगा चढते आहे. इर्विन पुलाजवळची पातळी ३५ फुटांच्या पुढे गेल्याचा निरोप सकाळी मिळाला. नव्या आराखड्यात आम्ही ३५ फूट हीच मुलांना हलवण्याची रेघ ठेवली आहे, इशारा पातळीच्या पाच फूट अलीकडे, कारण रस्ते सुरू असताना निघालेली रुग्णवाहिका आणि रस्ते बंद झाल्यावर निघालेली बोट यांत बाळाच्या दृष्टीने फार अंतर आहे.

कक्षात दोन बाळे होती, एक १६०० ग्रॅमचे. सकाळी साडेदहाला १०८ च्या एकाच रुग्णवाहिकेतून दोन्ही जोड्या उंचावरील रुग्णालयात रवाना केल्या. लहान बाळ पूर्ण वाटेत आईच्या छातीशी, वर टोपरे व दुपटे, सोबत बी सिलिंडर अर्ध्या लिटरवर. नवे फ्लोमीटर आजच प्रथम कामाला आले. पोहोचल्यावर पलीकडच्या सिस्टरांनी पट्ट्यांचे क्रमांक फोनवर वाचून दाखवले. बाळाचे तापमान ३६.६ अंश. त्याआधी, ठरल्याप्रमाणे, शस्त्रक्रिया कक्ष रिकामा झाला होता. इनचार्ज सिस्टर स्वतः उभ्या राहून एकेक रुग्ण वर पाठवत होत्या.

३ ऑगस्ट

यंदा पाणी आवारात आले नाही. दोन्ही जोड्या परतल्या. छोट्या बाळाचे वजन १६८० ग्रॅम. गावातील एक-दोघांनी विचारले की उगाच का हलवले. उत्तर आराखड्यातच आहे, वाद घातला नाही.

परत आलेल्या पिशव्या तपासल्या. एका पिशवीत दुपटे एकच आहे, दुसरे पलीकडे राहिले. भांडारातून नवे घेऊन भरले, सील लावले, सिलिंडर भरून घेतला. जनरेटरच्या चौथऱ्याचा प्रस्ताव अद्याप प्रलंबित आहे. तिसरे स्मरणपत्र आज पाठवले.